खुणेची ओढ

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात हॉट स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे नवरा-बायको तिथे प्राण्यांना करामती शिकवून देण्याचा धंदा करत. गिऱ्हाईक म्हणजे जत्रावाले, जाहिरातवाले, दुकानदार. कुणाला नाचणारी कोंबडी हवी असे, कुणाला बेसबॉलची बॅट फिरवणारी. दोघंही बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांच्या तालमीत तयार झालेले. दुसऱ्या महायुद्धात स्किनर कबुतरांकडून बॉम्ब नेमका लक्ष्यावर नेण्याच्या खटपटीत होते, तेव्हा हे दोघं त्यांच्या हाताखाली होते. प्राणी शिकवण्याचं सूत्र त्यांनी तिथेच उचललं. हवं ते घडलं की लगेच खाऊ द्यायचा, मग ते पुन्हा पुन्हा घडतं. मागच्या प्रकरणात आपण थॉर्नडाइकची मांजरं पाहिली, पेटीची कडी सोडवायला शिकलेली. सूत्र तेच. १९६१ पर्यंत ब्रेलंड दांपत्याने ३८ जातींचे मिळून ६००० हून जास्त प्राणी याच सूत्रावर तयार केले होते. सूत्राबद्दल शंका घ्यायचं त्यांना कारण नव्हतं. त्यांचं पोटच त्यावर चालत होतं.

तरी काही प्राणी नडले. पहिला रॅकून. मांजरापेक्षा थोडा थोराड, पुढचे पंजे जवळजवळ हातासारखे. काम सोपं होतं : नाणं उचलायचं आणि धातूच्या छोट्या डब्यात टाकायचं. उचलणं चटकन जमलं. सोडताना मात्र हात सुटेना. रॅकून नाणं डब्यात नेई, आतल्या कडेला घासे, परत बाहेर काढे, क्षणभर मुठीत आवळून धरी आणि मग कुठे टाकी. पुढे एकाच्या जागी दोन नाणी दिली, तेव्हा तर सगळंच बिनसलं. दोन्ही नाणी पंजांत धरून तो एकमेकांवर चोळत बसला. मध्येच डब्यात बुडवायचा, काढायचा, पुन्हा चोळायचा. पैसे मोजताना जीव तुटणाऱ्या एखाद्या कवडीचुंबकासारखा. मिनिटंच्या मिनिटं जात, खाऊ राहून जाई.

डुकराची तऱ्हा वेगळी. त्याने लाकडाची मोठाली नाणी उचलून गल्ल्यात टाकायची होती. पहिले काही दिवस डुक्कर धावत जाई, नाणं तोंडात धरी, धावत येऊन गल्ल्यात टाकी. बघणाऱ्यांना मजा येई. मग काही आठवड्यांत त्याची चाल मंदावली. वाटेतच नाणं खाली टाकायचं, नाकाने उकरायचं, उचलायचं, पुन्हा टाकायचं, हवेत उडवायचं, पुन्हा उकरायचं. सहा फुटांवर चार नाणी न्यायला दहा-दहा मिनिटं लागू लागली. पुरेसं काम होईना म्हणून दिवसभराचं खाणंही पुरं मिळेना. ब्रेलंडना वाटलं, भूक कमी पडत असेल. त्यांनी भूक वाढवली. उकरणं आणखी वाढलं.

हा सगळा अनुभव त्यांनी १९६१ साली एका लेखात मांडला. स्किनर यांच्या १९३८ च्या गाजलेल्या पुस्तकाचं नाव होतं ‘द बिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स’. शिष्यांनी आपल्या लेखाला नाव दिलं ‘द मिसबिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स’. गुरूला काढलेला असा सभ्य चिमटा विज्ञानाच्या इतिहासात फारसा सापडायचा नाही.

ब्रेलंड यांनी दोष उपजत वृत्तीला दिला. रॅकून ओढ्यातले कवचवाले जीव पकडून पंजांत चोळतो, डुक्कर जमीन उकरतं, आणि शिकवलेलं वागणं हळूहळू त्या जुन्या वळणावर घसरतं, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे. पण मला त्यात जास्त मोलाचा वाटतो तो वेगळा मुद्दा. डुक्कर जमीन उकरत नव्हतं, नाणं उकरत होतं. नाण्यामागून खाणं येतं हे शंभरदा अनुभवून झाल्यावर नाणं त्याच्या लेखी नुसतं नाणं उरलं नव्हतं. खाण्याशी जे करायचं ते सगळं ते नाण्याशी करत होतं. आणि त्यापायी खरं खाणं हातचं जात होतं.

म्हणजे प्राण्याच्या डोक्यात एकाच वेळी दोन हिशेब चालू असतात. एक करणीचा : मी हे केलं की ते मिळतं. दुसरा खुणेचा : हे दिसलं की ते येतं. पहिला थॉर्नडाइकच्या मांजराचा, दुसरा पावलोव्हच्या कुत्र्याचा. शाळेत दोन्ही शिकवतात, पण वेगवेगळ्या पानांवर, आणि दुसऱ्याला फार हलक्यात काढतात. घंटा वाजली, लाळ सुटली, धडा संपला. (घंटा हीसुद्धा जरा दंतकथाच; पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोम, बझर, दिवे असल्या साधनांवर जास्त भर होता.) लाळच का मोजली? कारण कुत्रा पट्ट्यांनी चौकटीत बांधलेला असे. त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लोरेंझ यांनी याबद्दल एक किस्सा नोंदवून ठेवला आहे. हॉवर्ड लिडेल या संशोधकाने असा एक शिकवलेला कुत्रा पट्ट्यांतून मोकळा केला. कुत्रा तडक मेट्रोनोमकडे धावला आणि त्या टिकटिकणाऱ्या यंत्रापुढे शेपूट हलवत, भुंकत, उड्या मारत खाणं मागायला लागला. लाळ हा त्या सगळ्या धडपडीतला मोजता येण्याजोगा तेवढा थेंब होता.

खूण माहिती देते, हे तर कुणीही मान्य करील. खूण ओढतेही. ही ओढ कळण्यापासून स्वतंत्र आहे, ती कळण्याच्या विरुद्धही जाते, हे मात्र पचायला वेळ लागतो.

१९६८ साली ब्राउन आणि जेन्किन्स यांनी कबुतरांपुढे एक छोटी चकती ठेवली. चकतीत दिवा लागे आणि मग धान्य येई. कबुतराने काही करायची गरज नव्हती. तरी कबुतरं थोड्याच वेळात पेटलेल्या चकतीला चोची मारू लागली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या दोघा संशोधकांनी नियम उलटा केला : चोच मारलीस तर धान्य रद्द. कबुतरं तरीही मारत राहिली, धान्य गमावून. जेन्किन्स यांनी नंतर जवळून छायाचित्रं घेतली, तेव्हा दिसलं की धान्याची खूण असलेल्या चकतीला कबुतर दाणा टिपल्यासारखी उघडी चोच मारतं आणि पाण्याची खूण असलेल्या चकतीला पाणी पिताना लावतं तशी मिटलेली चोच लावतं. दिवा तोच, काच तीच. एक ते खात होतं, दुसरा पीत होतं.

वेन हर्शबर्गर यांचा १९८६ चा प्रयोग तर त्याहून चमत्कारिक. त्यांनी कोंबडीच्या पिल्लांसाठी एक उलटी दुनिया बांधली. लांब, सरळ बोळ. टोकाला पिल्लांच्या ओळखीचं खाण्याचं भांडं. भांडं अशा यंत्रणेला जोडलेलं की पिल्लू ज्या दिशेला चालेल त्याच दिशेला भांडं दुप्पट वेगाने सरकायचं. पिल्लू भांड्याकडे एक पाऊल टाकी, भांडं दोन पावलं लांब पळे. पिल्लू पाठ फिरवून एक पाऊल लांब जाई, तर भांडं दोन पावलं जवळ येई. खायचं असेल तर खाण्याकडे पाठ करून चालू पडायचं, एवढंच शिकायचं होतं. पिल्लांना ते साधलं नाही. भांडं दिसे, पिल्लू धावे, भांडं पळे, पिल्लू आणखी जोरात धावे. थॉर्नडाइकच्या सूत्राप्रमाणे जे केल्याने काहीच मिळत नाही ते वागणं विरायला हवं होतं. विरलं नाही. भांड्याकडे धावणं हे पिल्लाने फळ पाहून निवडलेलं कामच नव्हतं. भांडंच त्याला धावायला लावत होतं.

सगळेच प्राणी सारखे या ओढीत वाहवतात का? नाही, आणि हा या कथेतला मला सगळ्यात आवडणारा भाग. मिशिगन विद्यापीठात टेरी रॉबिन्सन, शेली फ्लॅगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांपुढे एक दांडी आणली. दांडी काही सेकंद भिंतीतून बाहेर येते, परत आत जाते, आणि दुसऱ्या जागी ठेवलेल्या वाटीत खाऊची गोळी पडते. दांडीला हात लावला काय, न लावला काय, गोळी पडणारच. काही उंदीर दांडी दिसताच शहाण्यासारखे वाटीपाशी जाऊन बसतात. काही मात्र दांडीवर तुटून पडतात. तिला चाटतात, कुरतडतात, चावतात, आणि दांडी आत गेल्यावरच वाटीकडे वळतात. दोघांनाही दांडीचा अर्थ सारखाच कळलेला असतो. ज्ञानात फरक नाही, ओढीत आहे. २०११ साली ‘नेचर’ या नियतकालिकात या चमूने दाखवलं की दांडीवर तुटून पडणाऱ्या उंदरांच्या मेंदूत डोपामाइन या रसायनाची उसळी हळूहळू गोळीवरून दांडीवर सरकते. वाटीपाशी बसणाऱ्यांत ती तशी सरकत नाही.

डोपामाइन हे नाव आता वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत पोचलं आहे आणि ‘सुखाचं रसायन’ अशी त्याची ख्याती झाली आहे. ही ख्याती चुकीची आहे. ती चूक कशी उघडी पडली याच्या पहिल्या टप्प्यावर एक भारतीय उभा आहे. १९५१ साली येल विद्यापीठात बालकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी उंदरांच्या मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात, अगदी लहान इजा केल्या. उंदरांनी खाणं सोडलं. समोर अन्न असताना ते उपाशी राहिले. हेच आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या भागाला तेव्हा ‘भुकेचं केंद्र’ म्हटलं गेलं. वीस वर्षांनी स्वीडनच्या उंगरस्टेट यांनी दाखवलं की डोपामाइन वाहून नेणारे तंतू नष्ट केले तरी उंदीर असेच उपाशी राहतात. मग निष्कर्ष सरळच वाटला : डोपामाइन गेलं, खाण्यातलं सुख गेलं, म्हणून खाणं सुटलं.

केंट बेरिज यांनी हे तपासायला उंदरांची तोंडं पाहिली. गोड काही जिभेवर पडलं की उंदीर जीभ बाहेर काढून ओठ चाटतो, कडू पडलं की जबडा वासतो. माणसाचं तान्हं मूलही जवळपास तेच करतं. डोपामाइन जवळजवळ संपलेल्या, नळीने अन्न घालून जगवलेल्या उंदरांच्या तोंडात बेरिज यांनी साखरेचं पाणी सोडलं. त्यांनी निरोगी उंदरांसारखेच ओठ चाटले. गोडी शाबूत होती. चार पावलं चालून वाटीपर्यंत जायला लावणारी ओढ तेवढी गेली होती. पार्किन्सनच्या काही रुग्णांत याची दुसरी बाजू दिसते. डोपामाइनची नक्कल करणारी काही औषधं सुरू केल्यावर आयुष्यात कधी पत्त्यांना हात न लावलेली माणसं जुगाराच्या नादी लागल्याच्या नोंदी आहेत. औषध कमी केलं की नाद बहुधा ओसरतो.

गोडी आणि ओढ वेगळ्या आहेत हे पटलं, तरी एक प्रश्न उरतो. ओढ म्हणजे साठवून ठेवलेला जुना अनुभवच ना? अमुक खुणेनंतर शंभरदा चांगलं झालं, म्हणून खूण ओढते. शंभरदा वाईट झालं, म्हणून दूर ढकलते. गोधडीला ठिगळ लागावं तशी किंमत एकदा चिकटली की चिकटली.

बेरिज यांच्याच प्रयोगशाळेतल्या २०१३ च्या एका प्रयोगाने हे चित्र विस्कटलं. उंदरांपुढे दोन दांड्या. एक बाहेर आली की तोंडात साखरेचं पाणी. दुसरी आली की समुद्राच्या तिप्पट खारट पाणी, थेट जिभेवर. उंदरांनी दुसऱ्या दांडीची धास्तीच घेतली. ती बाहेर आली की ते खोक्याच्या पार पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटत. मग एके दिवशी संशोधकांनी औषधं देऊन त्यांच्या शरीरातलं मीठ उतरवलं. उंदरांना मिठाची अशी टंचाई आयुष्यात कधी ठाऊक नव्हती आणि खारट पाणी कधी आवडलेलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी खाऱ्या पाण्याची दांडी नुसती दाखवली, पाणी दिलंच नाही. उंदीर तिच्याकडे झेपावले, तिला चाटू-चावू लागले, साखरेच्या दांडीकडे जातात तितक्याच उत्साहाने. चव बघून मत बदलायला वेळच मिळाला नव्हता. अनुभवाचं पान कोरंही नव्हतं, उलट त्यावर शिव्या लिहिलेल्या होत्या.

म्हणजे ओढ साठवलेली नसते, ती त्या-त्या क्षणी बनते. खुणेने काय येणार याची आठवण आणि शरीराला या घडीला काय हवं, या दोघांच्या गुणाकारातून. यातलं एक जरी हललं तरी उत्तर हलतं. भरल्या पोटी ज्या हलवायाच्या दुकानावरून सहज पुढे जातो, तेच दुकान उपासाच्या दिवशी रस्ता अडवतं. दुकानाबद्दलची आपली माहिती मात्र तसूभरही बदललेली नसते.

इथवर खूण स्वतःकडे ओढत होती. ती आपल्या दुसऱ्या कामांतही ढवळाढवळ करते. १९४३ मध्ये विल्यम एस्टेस यांनी उंदरांना शिकवलं की एक आवाज झाला की खाणं येतं. स्वतंत्रपणे हेही शिकवलं की दांडी दाबली की खाणं येतं. आवाज आणि दांडी यांची गाठ कधीच घालून दिली नव्हती. नंतर दांडीने खाणं देणं बंद केलं आणि मध्येच तो आवाज वाजवला. दांडी दाबणं वाढलं. आवाजाने उंदराला नवीन काहीच सांगितलं नव्हतं. पण करणीच्या हिशेबात खुणेच्या हिशेबाने आपलं माप टाकलं.

माणसांवर हा प्रयोग अनेकांनी केला आहे. अॅमस्टरडॅममध्ये २०१४ मध्ये पॉपी वॉटसन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दोन कळा दिल्या, एकीने पॉपकॉर्न मिळे, दुसरीने चॉकलेट. दोन्ही पदार्थांच्या खुणाही शिकवल्या. मग दोहोंपैकी एक पदार्थ पोट भरेस्तोवर खाऊ घातला. खूण समोर नसताना विद्यार्थी दुसऱ्या पदार्थाची कळ दाबत, जे कुणीही करील. पण ज्याचा कंटाळा येईपर्यंत खाऊन झालं होतं त्याची खूण पडद्यावर झळकली की बोट पुन्हा त्याच्याच कळीकडे जाई. नको असलेल्या पदार्थासाठी. सिनेमाच्या मध्यंतरात पोट भरलेलं असूनही आपण काउंटरच्या रांगेत का उभे असतो, याचं मला पटलेलं हेच एकमेव उत्तर आहे.

चांगल्याची खूण हातपाय हलवते, तशी वाईटाची खूण ते गोठवते. सशासमोर कोल्ह्याची सावली आली की ससा आधी थिजतो. लंडनमध्ये मार्क ग्विटार्ट-मासिप यांनी २०१२ मध्ये हे माणसांत चार चित्रांच्या साध्या खेळाने मोजलं. एका चित्रावर बटण दाबलं तर पैसे मिळत. दुसऱ्यावर दाबलं तर दंड टळे. तिसऱ्यावर बटण न दाबता थांबलं तर दंड टळे. चौथ्यावर न दाबता थांबलं तर पैसे मिळत. चारही नियम सारखेच सोपे. पण बक्षिसासाठी हालचाल करणं लोकांनी सगळ्यात लवकर उचललं आणि बक्षिसासाठी हात आवरणं सगळ्यात उशिरा, काहींनी तर नाहीच. कमाईचा वास आला की हात पुढे जातो. मागे ठेवून कमवायचं असेल तर जन्मजात घडणीशी झगडावं लागतं.

हे चौथं चित्र क्रिकेटच्या मैदानावर रोज दिसतं. ऑफ स्टंपच्या बाहेर, पुढे टप्पा पडलेला चेंडू. कव्हर ड्राइव्हने हजारो वेळा चार धावा मिळवून दिलेल्या फलंदाजासाठी यापेक्षा बोलकी खूण नाही. गोलंदाज ती खूण मुद्दाम दाखवतो, हे फलंदाजाला ठाऊक असतं. माहीत असून बॅट जाते, आणि स्लिपमध्ये झेल. जानेवारी २००४ मध्ये सिडनी कसोटीआधी सचिन तेंडुलकर त्या दौऱ्यात असाच चाचपडत होता. सिडनीत त्याने कव्हर ड्राइव्ह खेळायचाच नाही असं ठरवलं. ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज दिवसभर बाहेर चेंडू टाकत राहिले, तो सोडत राहिला. कंटाळून त्यांनी रेषा बदलली की तो लेगला धावा काढी. ४३६ चेंडू, नाबाद २४१. ‘फटका सोडून दिला’ असं म्हणायला सोपं वाटतं. आयुष्यभर मुरलेल्या खुणेपुढे दहा तास हात आवरून धरणं ही मात्र त्या खेळीतली फटक्यांपेक्षा मोठी करामत होती, असं माझं मत आहे. त्याने केलेली युक्तीही बघण्यासारखी आहे. प्रत्येक चेंडूला ‘हा खेळू का?’ असं विचारत बसला असता तर खूण कधी ना कधी जिंकली असती. त्याने प्रश्नच आधी निकालात काढला.

ओढ आणि सवय यांच्यात गल्लत होते, म्हणून सवयीबद्दल थोडं. ओढीत निदान फळाची आठवण जागी असते. सवयीत तीही झोपलेली असते. जागा आणि वेळ दिसली की हात चालू पडतो. २०११ मध्ये डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी सिनेमाला आलेल्यांना पॉपकॉर्न वाटले. काहींना ताजे, काहींना आठवड्याचे शिळे, मऊ पडलेले. सिनेमात एरवीही पॉपकॉर्न खाणाऱ्यांनी शिळे पॉपकॉर्न ताज्यांइतकेच संपवले. ते बरे नाहीत असं स्वतःच सांगूनसुद्धा. तेच शिळे पॉपकॉर्न मीटिंगच्या खोलीत गाण्यांचे व्हिडिओ पाहताना दिले, तर त्यांनी कमी खाल्ले. आणि सिनेमागृहातच, पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही कमी खाल्ले. उजवा हात आपोआप बकेटीत जात होता. डाव्याला विचारून जावं लागत होतं.

जागेचा हा जोर किती, याचा सगळ्यात मोठा पुरावा प्रयोगशाळेबाहेरचा आहे. १९७१ मध्ये व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचं व्यसन पसरल्याच्या बातम्यांनी वॉशिंग्टन हादरलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रशासनाने ली रॉबिन्स या संशोधिकेला परतलेल्या सैनिकांचा माग काढायला सांगितलं. व्हिएतनाममध्ये असताना जवळपास पाचांतला एक जण व्यसनाधीन झाला होता. देशात हेरॉइनच्या विळख्यातून उपचार घेऊन सुटलेले बहुतेक जण पुन्हा त्यातच पडतात, हा डॉक्टरांचा अनुभव होता, त्यामुळे सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता. परतल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी सैनिकांपैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात सापडले. रॉबिन्स यांचे आकडे कुणाला पटेनात. कारणं एकापेक्षा जास्त आहेत : घरी हेरॉइन महाग, दुर्मीळ, बदनाम. पण तंबू, मित्र, उष्मा, भीती, रिकामे तास, हेरॉइनच्या सगळ्या खुणा हजारो मैल मागे राहिल्या होत्या, हे त्यातलं मोठं कारण. उपचार केंद्रातून सुटणारा शहरातला व्यसनी मात्र त्याच गल्लीत, त्याच कट्ट्यावर परततो.

मग उपचार केंद्रातच खुणांची धार बोथट करून टाकली तर? सिरिंज दाखवायची, पाकीट दाखवायचं, पण पदार्थ द्यायचा नाही, ओढ विझेपर्यंत. हे करून पाहिलं गेलं आणि यश बेताचंच आलं. व्हर्मांट विद्यापीठातल्या मार्क बुटन यांच्या उंदरांनी कारण दाखवलं. एका खोक्यात शिकलेली खूण दुसऱ्या खोक्यात निष्प्रभ केली आणि उंदीर पहिल्या खोक्यात परत नेला, तर खूण पुन्हा पूर्ववत बोलू लागते. जुनं शिकणं पुसलं जात नाही. त्यावर ‘इथे नाही’ एवढी पाटी लागते, आणि पाटी त्या जागेपुरतीच असते.

म्हणून अलीकडे काही सरकारांनी माणसाला समजावण्याऐवजी खुणेवर हात टाकला आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांत बिलाच्या काउंटरजवळ आणि प्रवेशद्वाराशी जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ मांडायला बंदी आहे. विकायला नाही, तिथे मांडायला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ मध्ये, जगात सर्वांत आधी, सिगारेटच्या पाकिटावरून कंपनीचे रंग आणि बोधचिन्हं काढून टाकली. सगळ्या कंपन्यांची पाकिटं एकाच चिखलासारख्या तपकिरी-हिरव्या रंगात, नाव एकाच साध्या अक्षरात. कायदा लागू झाल्यावर आरोग्य खात्याकडे धूम्रपान करणाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या, सिगारेटची चव बिघडवलीत म्हणून. कायद्याने आतल्या तंबाखूला हातही लावला नव्हता. ओढीबरोबर गोडीतही खुणेचा वाटा असतो की काय, हे पुढच्या प्रकरणात पाहू.